बारा बोलकी पुस्तकं

ग्रंथपालबाईंनी तिसऱ्यांदा हाक मारली तरी मावशींचं लक्ष नव्हतं. हातातलं फडकं कपाटावर तसंच टेकलेलं. कानांवर हेडफोन. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मावशी खुदुखुदु हसत होत्या.

त्यांना बोलकी पुस्तकं पुसून ठेवायला सांगितलं होतं. तळहाताएवढी बारा यंत्रं, बटण दाबलं की पुस्तक वाचून दाखवणारी. वाचनालय काळाच्या मागे पडू नये म्हणून मुख्य कार्यालयाने ती वर्षापूर्वी पाठवली होती. पण सभासद म्हणत, "आम्हाला डोळे आहेत की." वर्षभरात एकही यंत्र दाराबाहेर गेलं नाही. शनिवारी साहेब ती परत न्यायला येणार होते. आपल्याला हे जमलं नाही, हे बाईंच्या मनाला फार लागलं होतं.

मावशींनी हेडफोन काढला. "पुसताना बटण दाबलं गेलं, बाई. आत एक मामा आहे, अख्ख्या गावाला टोप्या घालत सुटलाय. आता कुठं त्याचं पितळ उघडं पडायला आलंय. हे घरी नेता येतं का?"

"सभासद व्हावं लागतं."

"मग राहू दे. मला कुठं वाचता येतं?"

बावीस वर्षं मावशी इथलं एकेक पुस्तक पुसत होत्या. बाईंनी सभासदत्वाचा कोरा अर्ज काढला आणि वरपासून खालपर्यंत वाचला.

"वाचता आलंच पाहिजे असं यात कुठंही लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि स्वतःच अर्ज भरायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या त्या शेजारणीला घेऊनच. ती घरी बसून सदऱ्यांना बटणं लावायची. "हात कामात असतात, कान रिकामेच," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी आणखी चौघी आल्या. चौथ्या दिवशी, त्या मामाने बायकोलाही फसवलं की नाही, यावरून गल्लीत जुंपली आणि निकाल लावून घ्यायला सगळी गल्ली वाचनालयात आली.

शनिवारी साहेब रिकामी पेटी घेऊन आले, तर यंत्रांचं कपाटही रिकामं. बाकांवर आठ-दहा जणी आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत बसलेल्या. गप्पा अशा रंगल्या होत्या, की साहेबांना बसायला कुणी जागाही देईना.

त्यांनी हातातला कागद पुन्हा वाचला. "वर्षभरात एकही वाचक मिळाला नाही, असं तुम्हीच कळवलं होतं. मग चार दिवसांत एवढ्या जणी आणल्यात कुठून?"

बाईंना हसू आवरेना. उत्तर मावशींनीच दिलं.

"आणायच्या कुठून, साहेब? रोज याच दारावरून जातो आम्ही. आपणही आत यायचं असतं, हे ठाऊक नव्हतं इतकंच."