ताटावरचा हात

"अजून घे" म्हणत कुणी वाढलं की माझी गतिमंद लेक दैवशाला ताट भिरकावायची. दहा वर्षं तिला कुठल्याच लग्नाला नेलं नव्हतं. यंदा विशेष शाळेच्या बाई घरी आल्या, दोन दिवस तिचं जेवण बघत बसल्या आणि म्हणाल्या, "तिला पुरे म्हणता येत न्हाई, अन् तुम्ही थांबत न्हाई." त्यांनी तिला ताटावर हात धरून 'बस' म्हणायला शिकवलं, आम्हाला लगेच थांबायला. आज शहागडला लग्नाच्या पंगतीत वाढपी वरणाची बादली घेऊन तिच्यापुढं वाकला. "अजून घ्या की, ताई." माझा घास तोंडातच राहिला. तिनं ताटावर हात धरला. "बस." वाढपी हसून पुढं गेला. मागून बुंदी आली. दैवशालानं ती चाटूनपुसून संपवली, ताट पुढं सरकवलं आणि ठणकावून म्हणाली, "अजून." हा शब्द बाईंचा नव्हता, आमचाच होता.