भाऊंचा जुडगा

शोकसभा पाचची होती. सव्वापाच झाले तरी वाचनालयाच्या हॉलला कुलूप होतं आणि अर्धं गाव पायऱ्यांवर उन्हात उभं होतं.

हॉलची किल्ली असायची भाऊंकडे, आणि सभा होती भाऊंचीच. एवढी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नाही. शेवटी वाचनालयाच्या सेक्रेटरीने भाऊंच्या घरी फोन लावला. पहिल्या रांगेत बसून ज्यांनी लोकांचं सांत्वन ऐकायचं, त्या भाऊंच्या पत्नी, काकूच, किल्ल्यांचा जुडगा पर्समध्ये कोंबून लेकीबरोबर धापा टाकत आल्या.

जुडग्यात एकोणतीस किल्ल्या होत्या. वाचनालय, पाण्याच्या टाकीची खोली, रुग्णवाहिकेचं गॅरेज, शाळेच्या मैदानाचं फाटक, स्मशानातली शेड. भाऊंचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि दुकानाच्या दाराशीच किल्ल्या कापायचं मशीन. ज्या कामाला कोणी वाली नसे, त्याची किल्ली फिरून फिरून भाऊंच्या कडीत येऊन पडायची. एकीलाही चिठ्ठी लावलेली नव्हती. भाऊ नुसत्या अंगठ्याने ओळखायचे.

सेक्रेटरी एकेक किल्ली लावून बघत होता.

"जरा हळू, मोडेल," हेडमास्तर म्हणाले.

"मग या, तुम्ही लावा."

माइकवाला स्पीकर खांद्यावर घेऊन ताटकळला होता. कोणीतरी सवयीने बोलून गेलं, "भाऊंना एक फोन टाका ना," आणि मग जीभ चावली.

काकूंना हसू आलं नाही. हे 'भाऊंना एक फोन टाका' त्यांनी चाळीस वर्षं ऐकलं होतं. भरल्या ताटावरून नवरा उठायचा, कारण टाकी वाहतेय. लेकीचं बारसं असो की बारावीचा निकाल, भाऊ कुठे, तर गॅरेज उघडायला गेलेत. आणि दुनियेची दारं उघडत फिरणारा हा माणूस स्वतःच्या घरी आला की बेल वाजवायचा. काकूंचे हात साबणात असोत, अंगात ताप असो, उठून दार उघडायचं त्यांनीच. शंभरदा सांगून झालं होतं, "अहो, मशीन दुकानात आहे. घराची एक किल्ली करून घ्या ना स्वतःला."

"करतो, करतो," म्हणून भाऊ हसायचे. आता त्या हसण्याची आठवण झाली तरी काकूंना चीड येत होती.

सतराव्या किल्लीला कुलूप उघडलं. लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरीने घाम पुसला, जुडगा दोन्ही हातांनी काकूंपुढे धरला आणि भाषणाचा सूर लावला.

"काकू, हा आता तुमच्याकडेच राहू दे. भाऊंची सेवा त्यांच्या घरातच शोभेल. आणि तुम्ही काय, घरीच असता."

काकूंनी जुडगा घेतला. मग वरच्या पायरीवर बैठक मारली.

"घरीच असते," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं घरीच होते. त्यांचं ताट झाकून. या चाळीस वर्षांत तुमच्यातल्या एकाला तरी वाटलं का, की भाऊंकडून एखादी डुप्लिकेट करून घ्यावी? निदान टाकीची तरी?"

हेडमास्तर बुटांकडे बघायला लागले. सेक्रेटरीचा सूर उतरला.

"मागितली होती काकू. एकदा नाही, चारदा. ते म्हणायचे, करतो, करतो."

इतका वेळ काकूंचा राग गावावर होता, तो काढायचा तरी सोपा होता. ज्याच्यावर आता काढायचा, तो आत टेबलावरच्या फोटोत जाऊन बसणार होता.

त्यांनी नखाने कडी उचकटली आणि किल्ल्या पायरीवर ओतल्या.

"घ्या. ज्याची त्याने न्या."

"पण ओळखायची कशी?"

"ते शिकले तसे तुम्हीही शिका. लावून बघा."

लोक घुटमळत पुढे झाले. ही गॅरेजची वाटते, ती मैदानाची असणार, अशी कुजबुज करत एकेकाने किल्ली उचलली. ड्रायव्हर, शाळेचा शिपाई, कंपाउंडर. सगळ्या किल्ल्या झिजलेल्या, दाते गुळगुळीत झालेल्या. हळूहळू माणसं आत गेली. पायरीवर एकच किल्ली उरली. चकचकीत. कोणीच तिच्यावर हक्क सांगितला नव्हता.

लेकीने ती उचलली, उलटसुलट करून पाहिली. मग आईच्या पर्समधून घराची किल्ली काढून शेजारी धरली. दात्याला दाता जुळला.

"आई, ही आपल्या घराची आहे."

"काहीतरीच. त्यांनी केलीच नव्हती."

"केली होती. बघ."

काकूंनी किल्लीवरून अंगठा फिरवला. दाते टोचले. ती कुलपात एकदासुद्धा फिरली नव्हती.

आतून माइकवर सेक्रेटरीचा आवाज आला. भाऊंच्या आठवणी सांगायला काकूंनी व्यासपीठावर यावं, अशी विनंती होती. पुन्हा एकदा विनंती झाली.

"आई, बोलावतायत."

"येते म्हणावं. सगळं सांगते," काकू म्हणाल्या. त्यांनी किल्ली मुठीत घट्ट धरली होती आणि आवाज फाटला होता. "पण आधी मला कोणीतरी सांगा, किल्ली होती, तर हा माणूस रोज बेल कशाला वाजवायचा?"