तिसरा डाग

"हा डाग पार्सलाचाच?" तपासनीसाने गुडघे टेकत विचारलं.

"मग काय आम्ही पाळलाय?" म्हातारा सुतार म्हणाला.

कुरिअर कंपनीत तपासनीसाला सगळे शंकासुर म्हणत. पार्सल गळून कुणाच्या घराचं नुकसान झालं, की भरपाई द्यायची की नाही हे त्याने जाऊन ठरवायचं. लोक जुनी ओल, पोरांनी सांडलेली शाई, सगळं पार्सलाच्या माथी मारतात, हे त्याला अनुभवाने पाठ झालं होतं. तरी गेल्या महिन्यात एक खोटं प्रकरण त्याच्या सहीने पास झालंच. पुन्हा असं झालं तर घरी बसा, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं.

तर, दाराशी खोकं. खोक्यात सांधेदुखीच्या तेलाचा पत्र्याचा डबा, कडेला चिरलेला. खालची लाकडी जमीन काळवंडलेली. वास कापराचा. इथवर खरं.

पण दुसरा डाग सोफ्याखाली होता. तेल दारातून तिथवर गेलं कसं? चालत?

"उतार आहे," सुतार म्हणाला.

तपासनीसाने पेन जमिनीवर आडवं ठेवलं. ते जागचं हललं नाही. ही जमीन सुताराने स्वतः बसवलेली. फळीला फळी अशी भिडवलेली, की मध्ये नख शिरू नये. असा माणूस घरात उतार ठेवेल?

"पाठवणारं कोण?"

"दर थंडीत येतं. नाव-पत्ता सांगू नका, असं पाठवणारीने लिहून दिलंय म्हणे. तुमचेच लोक म्हणाले." सुतार खिडकीकडे बघत बोलत होता.

नाव न सांगता कुणी दर वर्षी तेल पाठवतं? गुडघ्यांची एवढी काळजी? तपासनीसाच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. ती चिरलेला डबा पाठवते, हे भरपाई लाटतात. जोडी आहे. जुनी, मुरलेली जोडी.

तरी त्याने एक संधी दिली. "काका, दाराजवळचा डाग तेवढा धरू. लहान नुकसान. मी इथेच सही करतो, आजच्या आज मिटेल."

"मिटवायचं नाही. सगळे डाग धरा."

हाव, तपासनीस मनात म्हणाला. आत बघू.

तिसरा डाग पलंगापाशी होता. त्याने त्यात बोट टेकवलं, नाकाशी नेलं. कापूर नाही. हे तळणाचं तेल. ताजं, लाकडात अजून मुरलंही नव्हतं. सुतार मात्र त्या फळ्यांकडे बघतच नव्हता. आपल्याच हातच्या कामाकडे पाठ करून उभा होता.

"हे तुमच्या स्वयंपाकघरातलं तेल आहे काका. तुम्हीच ओतलंत."

"मग आता पुढे काय?" सुताराने विचारलं. 

"आता मला मिटवता येणार नाही. मोठं नुकसान दाखवलंत, वर हा घोळ. पाठवणाऱ्या बाईंना बोलवावं लागेल. त्या आणि तुम्ही समोरासमोर, याच खोलीत. त्यांची सही झाल्याशिवाय कागद हलत नाही. उघडे पडाल दोघंही."

इथे माणसं गयावया करतात. हात धरतात, चहा टाकू का विचारतात. तपासनीस वाट बघत राहिला.

"तुमच्या कंपनीत फोन केला, तिथली बाईही असंच म्हणाली होती," सुतार हळूच म्हणाला. "म्हणजे यावंच लागतं? स्वतः?"

"स्वतः."

सुतार पलंगावर बसला. लगेच उठला, दाराकडे बघून पुन्हा बसला. तपासनीसाने मनात नोंद केली: घाबरला.

मग स्वयंपाकघराच्या दारात सुताराची बायको दिसली. हातात तेलाची किटली, झाकण उघडं. चोरी पकडली गेल्याची लाज तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हती.

"साहेब, आमची लेक भांडून गेली ती परत फिरकली नाही," ती म्हणाली. "एवढ्या डागांवर तिला यावं लागेल ना, की इथेही ओतू?"