डिमॉक्रिटसचा शत्रू

“मायक्रोमीटर धरायची सवय असलेल्या हातांनी लेखणी धरली, की असली पुस्तकं जन्माला येतात,” उत्कर्षाने मोठ्याने वाचलं आणि त्रैमासिकाचा अंक वडिलांच्या ताटाशेजारी आपटला. “बाबा, हे तुमच्याबद्दल लिहिलंय!”

जनार्दन माने वरणभात कालवत होते. “उतारा पूर्ण छापलाय ना?”

“कसला उतारा?”

“माझ्या पुस्तकातला. मागच्या अंकात शेवटच्या चार ओळी गाळल्या होत्या.”

उत्कर्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. असा कसा हा माणूस! छत्तीस वर्षं बडोद्यात मकरपुऱ्याच्या कारखान्यात मायक्रोमीटरने सुटे भाग मोजून तपासले आणि घरी येऊन डिमॉक्रिटस या ग्रीक तत्त्वज्ञावर सातशे पानं लिहिली. तीही कारखान्याने टाकून दिलेल्या तपासणी-तक्त्यांच्या कोऱ्या पाठीवर, हिरव्या शाईने. अणूची कल्पना मांडणाऱ्या त्या माणसाचं पुढच्या विद्वानांनी काय केलं, हा पुस्तकाचा विषय. त्याने सत्तरएक ग्रंथ लिहिले, त्यातला एकही उरला नाही. जे उरलं, त्यातलं बरंचसं त्याला खोडून काढायला निघालेल्यांच्या लिखाणात उरलं. हे सांगताना बाबांना दरवेळी हसू यायचं.

बाबांच्या पुस्तकाचं तरी काय वेगळं झालं? एका प्रकाशकाने हस्तलिखित दोन वर्षं ठेवून घेतलं आणि ऑफिस हलवताना गहाळ झालं म्हणून कळवलं. माफीचा शब्द नाही. त्याआधी बडोद्यातल्याच एका त्रैमासिकाने त्यातलं एक प्रकरण साभार परत केलं होतं, कागदांची टाचणीसुद्धा न काढता. आणि आता तेच त्रैमासिक सहा अंक झाले, कुणा प्रा. दत्ताजीराव मोहित्यांना पानंच्या पानं देत होतं. कशासाठी? तर बाबांना धुऊन काढण्यासाठी!

“जे पुस्तक छापलंच नाही, त्यातले उतारे या मोहित्याला मिळाले कुठून?” ती म्हणाली. “हस्तलिखित त्यानेच ढापलंय.”

“लिहितो बरं पण,” जनार्दन म्हणाले आणि त्यांनी ताकाचं भांडं पुढे ओढलं.

पुस्तक गेलं, तरी ते रोज दाढी करताना त्यातली वाक्यं पुटपुटत. उत्कर्षाला ते ऐकवत नसे.

शनिवारी कारेलीबागेतले ट्यूशनचे क्लास आटोपून तिने स्कूटर थेट पाणीगेटला घातली. त्रैमासिकाचं ऑफिस म्हणजे संपादक जयवंतरावांच्या घरातली पुढची खोली.

“बसा ने, बेन,” जयवंतराव म्हणाले.

“बसायला नाही आले. मोहित्यांचा पत्ता द्या.”

“माझ्याकडे नाही. लेख पोस्टाने येतात. मी त्यांना कधी पाहिलेलंही नाही.”

“आणि तरी छापता?”

“का नाही छापणार? टीका आली की वाचक जागे होतात. विद्यापीठातून पत्रं येतात. आता लोक मान्यांचं मूळ पुस्तक मागायला लागलेत. पुण्याची एक मुलगी या उताऱ्यांवर प्रबंध लिहितेय.”

“तुम्हीच त्यांचं प्रकरण न वाचता परत केलंत!”

जयवंतरावांनी चष्मा पुसला. “कारखान्यातल्या माणसाचं तत्त्वज्ञान कोण वाचणार होतं तेव्हा? प्राध्यापकाचा राग मात्र लोक वाचतात, बेन.”

“लाज नाही वाटत?” उत्कर्षाचा आवाज चढला. “माझ्या बापाने रात्रपाळ्या करून लिहिलं ते. तुम्हाला नावापुढची पदवी दिसते, लिहिलेलं दिसत नाही. मूळ लेख दाखवा, नाहीतर मी पोलिसांत जाते.”

जयवंतरावांनी कपाटातून फाइल काढली. “टाइप करून झालं की सगळं इथेच ठेवतो. बघा.”

पहिलाच कागद तिने ओळखला. पिवळट तपासणी-तक्ता, कोपऱ्यात कारखान्याचा शिक्का. पाठीवर हिरवी शाई.

“हे बघा!” ती ओरडली. “पुस्तकातली पानंच पाठवलीत चोराने. कागद आमचा, अक्षर बाबांचं. सापडला की नाही मोहिते?”

“उताऱ्याचं ठीक आहे,” जयवंतराव कागदावर वाकले. “पण खालचं?”

उत्कर्षाने बोट खाली नेलं. उतारा संपला होता. पुढची ओळ त्याच हिरव्या शाईत, त्याच अक्षरात होती: ‘मायक्रोमीटर धरायची सवय असलेल्या हातांनी लेखणी धरली, की असली पुस्तकं जन्माला येतात.’

समासात संपादकांसाठी एक विनंती होती: ‘जागा कमी पडल्यास टीका कापावी. उतारा मात्र पूर्ण छापावा.’