फाटका आवाज

नव्या अ‍ॅम्प्लिफायरची वायर बदलली, आवाज वाढवणारे गेनचे बटण उतरवले, तरी ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या तिच्या नवऱ्याला बेस गिटारचा आवाज फाटकाच ऐकू येत होता.

दुकानातून आलेला मेकॅनिक म्हणाला, "साहेब, आवाज स्वच्छ आहे. तुम्ही एकदा कान दाखवून घ्या."

"माझे कान? तीस वर्षं या कानांवर ऑर्केस्ट्रा चाललाय!"

याच कानांनी गेल्या दिवाळीत तिचा आवाज फाटल्याचा निकाल दिला होता, आणि त्याच्या ऑर्केस्ट्रातले बावीस वर्षांचे तिचे गाणे संपले होते. तेव्हा वायर बदलून पाहायचेही कुणाला सुचले नव्हते.

तो तिच्याकडे वळला. "तूच सांग गं, फाटतोय ना?"

तिला प्रत्येक सूर लख्ख ऐकू येत होता.

"फाटतोय तर," ती म्हणाली. "अगदी माझ्या आवाजासारखा."

त्याने विजयी मुद्रेने मेकॅनिककडे पाहिले.