माहितीपत्रकातला फोटो

कृत्रिम पाय बसवणाऱ्या संस्थेच्या माहितीपत्रकासाठी मृण्मयी फोटो काढायला आली, तेव्हा हणमंतराव नवी पँट घालून दारातच उभे होते. अपघातानंतर दोन वर्षांनी ते पुन्हा गवंडीकामाला जाऊ लागले होते.

“काका, पाय काढून बसता का? देणगीदारांना कळायला हवं.”

ते बसले, पँट वर सारली आणि पट्टे सोडू लागले. शेजारी उभी असलेली त्यांची मुलगी हळूच म्हणाली, “ताई, बाबा घरात आमच्यासमोरसुद्धा पाय काढत नाहीत.”

मृण्मयीला स्वतःचीच लाज वाटली. “राहू द्या, काका. कामावर निघायचंय ना? चला, मीही येते.”

संध्याकाळी संचालकांनी फोटो पाहिला. हणमंतराव अर्ध्या भिंतीवर वीट बसवत होते आणि जोडीदाराच्या कसल्याशा बोलण्यावर हसत होते.

“यात आपला पाय कुठे दिसतोय?”

“दिसत नाही, सर,” मृण्मयी म्हणाली. “आपण केलंय ते हेच.”

संचालकांनी फोटो पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, “मुखपृष्ठावर घ्या.”