वर उचललेली हनुवटी

लारासची आई अंगणात बसून कापडावर मेणाची नक्षी काढत होती. फोन शेजारी, आवाज मोठा केलेला. पलीकडे इस्पितळातल्या नर्स रत्रीताई. आईला कर्करोगाचं नवं औषध सुरू झाल्यापासून त्या दर आठवड्याला विचारपूस करायच्या. एखाद्यालाच ते बाधतं, पण बाधलं तर जिवावर बेततं.

"काही त्रास?"

"छे! मजेत आहे."

विचारणाऱ्यावर आपल्या दुखण्याचा भार टाकायचा नाही, हे जावा बेटावरच्या घरांचं वळण. लारासही त्याच वळणाची.

"आई, राणीसाहेबांसारखी हनुवटी वर करून काय बघतेस?" तांदूळ निवडता निवडता तिने टोमणा मारला. "कापड खाली आहे!"

"गप गं. पापणी जड होऊन डोळ्यावर येतेय जरा. झोप झाली नसेल."

फोनमधला आवाज एकदम बदलला. "पापणी? लारास, आईला आत्ताच्या आत्ता घेऊन ये."

पापणी ही नुसती खूण होती. औषधाने पापणीसारखेच हृदयाचे स्नायूही सुजले होते. डॉक्टरांनी शर्थ केली. दुसऱ्या दिवशी पहाटे आई गेली. कापडावरचं फूल अर्धंच राहिलं.

आई गेल्यानंतरच्या शंभराव्या दिवसाच्या प्रार्थनेला रत्रीताई आल्या. शेजारीपाजारी पांगल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकल्या.

"आईला जे झालं ते आम्ही लगेच वर कळवलं होतं," त्या म्हणाल्या. "आता प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना सांगतो, त्रास होतो का विचारत बसू नका, नाहीच म्हणतील. हनुवटी वर करून बघतात का, तेवढं बघा." त्या लारासकडे वळल्या. "सोलो शहरातल्या एका बाईच्या नवऱ्याने ते बघितलं. औषध वेळेत थांबवलं. काल ती स्वतःच्या पायांनी घरी गेली."

प्रार्थनेला आलेल्यांना घरी न्यायला देतात ती भाताची टोपली लारासने त्यांच्या हातात दिली. मग तिच्यावर आणखी एक ठेवली.

"ही त्या बाईंना. आईने दिलीये म्हणावं."

"सांगते. आणि तू गं? तू कशी आहेस?"

"मजेत" ओठांवर आलंच होतं. डोळ्यांतलं पाणी ओघळू नये म्हणून तिने हनुवटी वर उचलली. रत्रीताई बघत होत्या.

"बरी नाहीये, ताई," लारास म्हणाली. "अजिबात बरी नाहीये."